जुनी बिझनेस मासिकं जमवायचीत? रद्दीच्या गठ्ठ्यापासून कपाटापर्यंत सगळं सांगते

नाणी जमवणाऱ्याला कॅटलॉग मिळतो, पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला क्लब मिळतो, पण जुनी बिझनेस मासिकं जमवायची म्हटलं की सांगणारं कोणी भेटतच नाही. मी अकरा वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा रद्दीवाल्या काकांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न होता, की शेअरचे भाव शिळे, बातम्या शिळ्या, मग ठेवण्यासारखं आहे काय त्यात?

मला ते एका पानानं लावलं. ऐंशीच्या दशकातल्या एका इंग्रजी पाक्षिकात पूर्ण पानभर पब्लिक इश्यूची (कंपनी लोकांना शेअर विकते त्याची) जाहिरात होती, आणि तिच्या समासात कोणीतरी शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात हिशोब मांडला होता, १०० शेअर गुणिले १० रुपये, बरोबर १०००, आणि खाली मराठीत एकच शब्द, "बोनसमधून?", त्याला दोनदा अधोरेखित केलेलं. कोणाच्या तरी दिवाळी बोनसचा निर्णय त्या पानावर चालला होता! अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे मिळत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, पुढचं सगळं याच्याभोवती आहे: अंक अख्खा पाहिजे, जसा स्टॉलवर आला तसा, जाहिरातींसकट. लेख काय, ते लायब्ररीतल्या बाइंड केलेल्या खंडात सापडतील. पण बाइंडिंग करताना जाडी कमी करायला मुखपृष्ठं आणि नुसत्या जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत कितीतरी ठिकाणी होती, त्यामुळे लेख उरले आणि जाहिराती गेल्या. त्या आता फक्त सुट्या अंकांत उरल्यात, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात.

१. आधी ठरवा, नक्की काय जमवायचं

"जुनी बिझनेस मासिकं" हा विषय समुद्राएवढा आहे, सगळं घ्यायला गेलात तर वर्षभरात घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही आणि एकही संच पूर्ण होणार नाही. साधारण कुठे काय आहे ते बघा.

सगळ्यात जुन्यांत कोलकात्याचं 'कॅपिटल', हे १८८८ पासूनचं. मग मुंबईचं 'कॉमर्स', दिल्लीचं 'ईस्टर्न इकॉनॉमिस्ट'. १९४९ मध्ये सचिन चौधरींनी मुंबईत 'इकॉनॉमिक वीकली' काढलं आणि १९६६ पासून तेच 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' झालं. हे सगळे मजकुरानं भरलेले अंक, चित्रं कमी, कागद साधा. चकचकीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, उद्योगपतीचा मोठा फोटो हा जमाना १९७८ मध्ये अशोक अडवाणींनी मुंबईतून 'बिझनेस इंडिया' सुरू केल्यावर आला, मग 'बिझनेस वर्ल्ड', १९९२ मध्ये 'बिझनेस टुडे'.

मराठीतलं दालन मला सगळ्यात प्रिय आणि सगळ्यात दुर्लक्षित वाटतं. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याचं स्वतःचं मासिक म्हणून, पुढे त्यातलं 'खबर' गेलं आणि 'किर्लोस्कर' हे घराघरातलं मासिक झालं. नागपूरचं 'उद्यम' छोट्या उद्योगांचं. पुण्यात प्रा. वा. गो. काळे यांचं 'अर्थ' साप्ताहिक आणि मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेचं 'संपदा'. हे अंक घरोघरी होते आणि घरोघरीच रद्दीत गेले.

परदेशी घ्यायचं तर अमेरिकेच्या 'फॉर्च्यून'चं नाव पहिलं येतं. १९२९ ची मंदी कोसळल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३० ला पहिला अंक आला आणि किंमत ठेवली तब्बल एक डॉलर. तिसच्या दशकातली त्याची मुखपृष्ठं खरंच चित्रं म्हणून भिंतीवर लावण्यासारखी आहेत, आणि अडचणही तीच आहे, पुढे सांगते.

नवीन माणसाला माझा सल्ला विचाराल तर १९७८ ते १९९४ एवढाच काळ घ्या आणि त्यातलं एकच नियतकालिक धरा. हे अंक अजून परवडतात, कागद बऱ्या अवस्थेत असतो, आणि काळ असा की दर पंधरा दिवसांनी काहीतरी घडतंय: जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू, डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर, १९८६ ला सेन्सेक्स सुरू, २४ जुलै १९९१ चं उदारीकरणाचं बजेट, एप्रिल १९९२ ला हर्षद मेहताचा शेअर घोटाळा बाहेर, १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर व्यवहार सुरू.

इथेच एक गंमत लक्षात ठेवा. बजेटचा अंक, घोटाळ्याचा अंक, वर्धापनदिनाचा अंक हे लोकांनी मुद्दाम जपून ठेवलेले असतात, म्हणून ते सापडतात, विकणारा भाव जास्त सांगत असला तरी सापडतात. पण १९९१ च्या बजेटच्या आधीच्या फेब्रुवारी-मार्चचे साधे अंक, ज्यात मुखपृष्ठावर कुठलीतरी सिमेंट कंपनी आहे, ते कोणी ठेवलेच नाहीत. संच अडतो तो या साध्या अंकांवर. दिसला की घ्या.

२. पिशवीत आणि घरात काय सामान लागतं

बाहेर जाताना:
- जाड कापडी पिशवी आणि अंकाच्या मापाचे दोन कडक पुठ्ठे (मध्ये अंक ठेवले की कोपरे दुमडत नाहीत)
- मोबाइलचा टॉर्च, छोटी पट्टी, शिसपेन्सिल. पेन नको, चुकून शाई लागली की संपलं
- मास्क. जुन्या गठ्ठ्यातली धूळ आणि बुरशी छातीत जाते, हे हलक्यात घेऊ नका
- तुमच्याकडे नसलेल्या अंकांची यादी, कागदावर. बाजारात नेटवर्क जातंच

घरी:
- मऊ ब्रश, झिप लागणाऱ्या मोठ्या पिशव्या, बटर पेपर
- पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं. स्टेशनरीच्या दुकानातलं जाड, मऊ, वास येणारं पीव्हीसीचं कव्हर घेऊ नका, ते काही वर्षांनी चिकट होतं आणि छपाई ओढून घेतं
- ॲसिड-फ्री बोर्ड (आम्ल नसलेला पुठ्ठा), ओल शोषणारं सिलिका जेल, आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर

३. शोधायचं कुठे

रद्दीवाला हा तुमचा पहिला माणूस. एकाच दुकानात सारखं जा, चहा घ्या, काय पाहिजे ते मुखपृष्ठ दाखवून सांगा, कारण "बिझनेस मासिक" म्हटलं की ते तुमच्यासमोर मागच्या महिन्याचं काहीतरी ठेवतील. आणि हे जरूर सांगा की गठ्ठा सुतळीनं आवळून बांधू नका, सुतळीचा काप कडेला बसला की निघत नाही.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे घरं रिकामी झाल्याचा माल येतो, सकाळी लवकर जा. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ आता पूर्वीसारखा नाही पण काही विक्रेते आहेत, माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे पुस्तकवाले आहेत. दिल्लीला गेलात तर दर्यागंजचा रविवारचा पुस्तक बाजार, जो २०१९ पासून महिला हाटमध्ये भरतो. कोलकात्यात कॉलेज स्ट्रीट, तिथली जुनी इंग्रजी साप्ताहिकं तिथेच शोधलेली बरी.

पण खरा खजिना निवृत्त माणसांच्या घरी असतो. बँकेतले, सीए लोक, कारखान्यातले जुने मॅनेजर, यांनी वर्गणी भरून वर्षानुवर्षं अंक घेतले आणि तारखेनुसार लावून ठेवले. घर रिडेव्हलपमेंटला गेलं किंवा मुलं परदेशातून आवराआवरीला आली की चार दिवसांत सगळं जातं. सोसायटीत, नातेवाइकांत सांगून ठेवा. मला माझा सगळ्यात मोठा, एकशे चाळीस अंकांचा संच असाच मिळाला, त्या घरातले आजोबा गेले होते आणि आजींनी पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाल्या, "ह्यांनी एकाही अंकाचं पान दुमडलं नाही हो, तेवढं बघा." अशा घरी भाव करू नका. आणि उरलेले, तुम्हाला नको असलेले अंकही उचलून न्या, अर्धे निवडून पसारा टाकून येऊ नका.

४. हातात अंक आला की पैसे देण्याआधी काय बघायचं

हे शांतपणे करा, विक्रेता घाई करेल, करू दे.

पहिलं, पानं मोजा. नुसतं शेवटच्या पानाचा आकडा बघून चालत नाही, मधली जोडपानं निखळलेली असतात आणि पिनेतून निसटलेलं एक पान म्हणजे पलीकडचंही एक पान जातं. अंक उभा धरून मधोमध उघडा, दोन्ही पिना कागद धरून आहेत का बघा.

दुसरं, कापलेली जागा. वर्गणीची कुपनं, शेअरच्या अर्जाचे तुकडे, फोटो, लोक कात्रीनं काढून घेत. बोट फिरवत पान उलटलं की कळतं. तिसरं, पुरवणी. बजेटच्या सुमाराला वेगळी पुरवणी किंवा तक्ता जोडलेला असायचा, अनुक्रमणिकेत उल्लेख असेल आणि आत नसेल तर अंक अपुरा, भाव त्याप्रमाणे.

चौथं, तारीख. पाक्षिकांवर एक तारीख नसते, पंधरवडा असतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, आणि विकणारे कधी आधीची सांगतात कधी नंतरची. मी याच्यामुळे एकच अंक तीनदा विकत घेतलाय. वर्ष आणि अंक क्रमांक आतल्या पानावर असतो तो बघा, तोच खरा. जोडअंकही असतात, दोन अंकांचा मिळून एक, म्हणजे तुमच्या यादीत भोक दिसतं पण प्रत्यक्षात काही राहिलेलं नसतं.

पाचवं, वास आणि स्पर्श. खमंग जुना कागद वेगळा आणि ओल आलेला कागद वेगळा. चकचकीत पानं एकमेकांना चिकटलीत का ते कडेनं हळूच बघा, चिकटली असतील तर फुकट मिळाला तरी सोडा. छोटी वेडीवाकडी भोकं असतील तर कीड, आणि पांढरट-हिरवट भुकटी असेल तर बुरशी, असा एक अंक घरातल्या पन्नास अंकांना घेऊन बुडतो.

परदेशी 'फॉर्च्यून' घेताना जास्त सावध राहा. मुखपृष्ठं आणि जाहिराती सुट्या करून फ्रेमसाठी विकण्याचा धंदाच आहे, त्यामुळे "मुखपृष्ठ उत्तम" असं लिहिलेल्या अंकात आतली पंधरा पानं ब्लेडनं काढलेली असू शकतात. विकणाऱ्याला सरळ विचारा, सगळी पानं आहेत का, आणि उत्तर लेखी घ्या.

५. भावाचं काय

रद्दीत किलोवर मिळतं, आणि चकचकीत कागद वजनाला भारी असतो हे लक्षात असू द्या. ऑनलाइन सुट्या अंकाला वाट्टेल तो आकडा लावलेला असतो, पण लावलेला भाव आणि विकला गेलेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच अंक सहा महिने तिथेच दिसतोय म्हणजे त्या भावाला कोणी घेत नाही. "व्हिंटेज", "रेअर" हे शब्द वाचून खिशात हात घालू नका. आणि फोटो त्याच अंकाचा आहे का हे विचारा, मला एकदा एका विक्रेत्याकडून फोटोत स्वच्छ दिसणारा अंक आला तो प्रत्यक्षात मलपृष्ठ नसलेला निघाला, फोटो दुसऱ्याच प्रतीचा होता. तेव्हापासून मी हाताने लिहिलेली त्या दिवसाची तारीख अंकाशेजारी ठेवून फोटो मागते, खरा विक्रेता लगेच पाठवतो.

६. कागदपत्रं

लोकांना वाटतं रद्दीला कसली कागदपत्रं. ठेवा.

- मोठा संच घेतला तर साध्या कागदावर कोणाकडून, किती अंक, किती रक्कम, सही
- ऑनलाइन घेतलं तर बोलणं आणि फोटो यांचे स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ
- अंकावर लायब्ररीचा शिक्का असेल तर तो अंक संग्रहातून काढल्याचा शिक्का किंवा विक्रीची पावती

शेवटचं फार महत्त्वाचं. लायब्ररीनं काढून टाकलेले अंक विकत मिळतात, त्यात गैर काही नाही, पण नुसता मालकीचा शिक्का आहे आणि बाकी काहीच नाही तर तो अंक तिथून उचललेला असू शकतो. असा अंक घेऊ नका, मग कितीही दिवस शोधत असाल.

परदेशात पाठवायचं असेल तर अजून एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोल असलेले दस्तऐवज येतात आणि ते बाहेर न्यायला बंदी आहे. तिसच्या दशकातला अंक पुतण्याला अमेरिकेत भेट पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्यात विचारून घ्या.

७. घरी आणल्यावर थेट कपाटात ठेवायचं नाही

नवीन आलेला गठ्ठा पंधरा दिवस वेगळ्या खोलीत, वर्तमानपत्रावर, सुटा सुटा. बाल्कनीत नेऊन मऊ ब्रशनं कण्यापासून, म्हणजे पिनांच्या कडेपासून, बाहेरच्या दिशेनं धूळ काढा. उन्हात मात्र वाळत घालू नका, रंग उडतो आणि कागद कडक होतो.

किडीची शंका आली तर अंक पूर्ण कोरडा करून झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि नवीन दुखणं सुरू होतं. घरच्यांना आधी सांगा, मटारच्या शेजारी १९८४ चा अंक बघून आमच्याकडे बराच वेळ बोलणी खावी लागली होती.

गंजलेल्या पिना काढायला स्टेपल रिमूव्हर वापरू नका, कागद फाटतो. आतल्या बाजूनं पिनेचे दोन पाय बोथट सुरीनं सरळ करा, बाहेरून हळूच ओढा, आणि त्याच भोकांतून सुती दोऱ्यानं टाका घाला. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच नाही. मी सुरुवातीला वीसएक अंक सेलोटेपनं "दुरुस्त" केले, आज त्या प्रत्येक पट्टीखाली तपकिरी डाग आहे, टेप गळून पडली आणि डिंक कागदात राहिला. दुरुस्ती करायचीच तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, किंवा काहीच करू नका. लॅमिनेशन नको, पंचिंग नको.

पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी सोलू नका. तो अंक कुठून कुठे आला हे सांगणारं तेवढंच असतं. फोटो कोणाला दाखवताना मात्र नाव-पत्ता झाका.

८. पावसाळा

आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. साधा कागद आपोआप पिवळा पडतो, त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातला एक घटक) आणि आम्लामुळे, ते आपण फक्त लांबवू शकतो. पण चकचकीत कागदावर मातीचा लेप असतो आणि तो ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, वाळल्यावर सगळ्या अंकाची वीट होते. माझे १९८६-८७ चे अंक माळ्यावर लोखंडी ट्रंकेत होते, वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती झाली, गणपतीत ट्रंक उघडली तर आतून एकच ठोकळा निघाला. कडेला मुखपृष्ठांचे रंग दिसत होते, लाल, निळा, पिवळा, एकावर एक, आणि एकही पान सुटं होईना.

त्यामुळे माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, जमिनीपासून चार बोटं वर. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, मुंबई-कोकणात एवढी खाली आणणं अवघड आहे, निदान मीटर बघून सिलिका जेल बदलत राहा. पाकिटात अंक भरायचे ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, जुलैमध्ये भरलात तर ओल आत बंद होते. पाकिटाचं तोंड थोडं उघडं ठेवा. डांबराच्या गोळ्या कागदाजवळ टाकू नका. आणि एखादा अंक भिजलाच तर वाळायच्या आत प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घाला, तेवढा वेळ नसेल तर तसाच पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, म्हणजे नंतर सावकाश सोडवता येतो.

अंक उभे ठेवा, मागे बोर्ड लावून, फार सैल नाही फार घट्ट नाही. 'फॉर्च्यून'सारखे मोठे जड अंक आडवे, एकावर एक सात-आठच.

९. यादी

साधं एक्सेल पुरतं. नाव, वर्ष व अंक क्रमांक, पंधरवड्याच्या दोन्ही तारखा, पानं छापील किती आणि हातात किती, काय कापलंय, कुठून आला, किती रुपये, कुठल्या खणात. आणि एक रकाना जाहिरातींचा ठेवा, हा मी पाच वर्षं उशिरा सुरू केला आणि आता मागे जाऊन भरतेय. कुठल्या कंपनीची, कुठल्या वस्तूची, एवढं दोन शब्दांत. टाइपरायटरच्या जाहिराती कमी कमी होत जातात आणि कॉम्प्युटरच्या वाढत जातात, हे नुसता रकाना खाली सरकवत गेलं की डोळ्यांसमोर दिसतं.

स्कॅन स्वतःसाठी जरूर करा, सपाट दाबायच्या स्कॅनरवर नको, वरून फोटो काढून, कणा मोडत नाही. पूर्ण अंक नेटवर टाकताना मात्र थांबा, आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातलं जवळपास सगळं अजून हक्काखाली आहे.

१०. जास्तीचे अंक

तुमच्याकडे डबल होणारच. रद्दीत परत घालू नका. आधी दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करा, अंकाला अंक, पैशाचा प्रश्नच नाही. नंतर जवळच्या वाचनालयाला विचारा की तुमच्या खंडात कुठले अंक नाहीत. मी असं एका गावातल्या वाचनालयात विचारलं तर त्यांच्याकडे एका मराठी मासिकाचं पन्नासच्या दशकातलं अख्खं वर्ष बाइंड केलेलं होतं, मुखपृष्ठं काढलेलं. माझ्याकडे त्यातल्या चार महिन्यांचे सुटे अंक जास्तीचे होते. आता ते चार त्या खंडाशेजारी पाकिटात आहेत, मुखपृष्ठांसकट, आणि उरलेले आठ महिने मी शोधतेय: फेब्रुवारी, मार्च, मे, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि डिसेंबर.